डिसेंबरचा समुद्र ऑक्टोबरात!

‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत चार हिवाळे वाया घालवलेल्या एका नाशिककर ग्रुपचे पाय अखेर तारकर्लीच्या वाळूला लागले. कसे? सुट्ट्या, तिकिटं आणि चक्क पंचांग यांचा हा हिशोब!

ऑक्टोबर २०२५चा पहिला आठवडा. नाशिकचा तो टिपिकल ऑक्टोबरी उकाडा. कॉलेज रोडवरच्या एका कॉफी शॉपमध्ये एसीच्या बरोब्बर खाली जागा पटकावून मी एका लेखाशी झटापट करत होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. ह्यूस्टनला असलेल्या आमच्या मैत्रिणीनं ग्रुपवर फोटो टाकले होते. निळंशार पाणी, पिठासारखी पांढरी वाळू, हातात शहाळं आणि डोळ्यांवर हा एवढा गॉगल. खाली एकच शब्द, ‘कॅनकून’!

पाचव्या मिनिटाला बँकवालीचा मेसेज, ‘यंदा आपण पण!!’ मग आयटीवाल्याचा अंगठा. मग मी टाकलेला नाचणारा इमोजी. आणि मग... शांतता. दोन तास, चार तास, रात्र. टिपिकल!

ग्रुपचं नाव ‘मिशन समुद्र’. स्थापना डिसेंबर २०२१. तेव्हा आम्ही सहा जण होतो. सगळे नाशिकचेच, सगळे नुकते नोकरीला लागलेले, लॉकडाऊनमध्ये घरी बसून बसून आंबलेले. ‘या हिवाळ्यात समुद्र!’ अशी शपथ गंगापूर रोडवर मिसळ खाता खाता घेतली होती. त्या वर्षी कुणाला तरी सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षी रूम्स मिळाल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी एकीचं लग्न ठरलं. एक बंगळुरूला गेला, एक ह्यूस्टनला गेली. ग्रुपवरची मंडळी कमी होत होती, पण दर जानेवारीत मेसेज तोच, ‘पुढच्या वर्षी नक्की हं!’

तुमचाही असा एखादा ग्रुप आहे ना? खरं सांगा!

‘फळ्यावर बघितलीय’

त्या रात्री जेवताना मी आईला ते कॅनकूनचे फोटो दाखवले. आई म्हणजे रिटायर्ड झेडपी शिक्षिका. दिंडोरी तालुक्यातल्या शाळांमध्ये ३१ वर्षं नोकरी, त्यातली बरीच वर्षं सातवीचा भूगोल. चष्मा वर सरकवून तिनं फोटो नीट बघितला आणि म्हणाली, “ओहोटीच्या वेळी काढलाय वाटतं. वाळू ओली दिसतेय बघ किती लांबपर्यंत.”

मी सहज विचारलं, “आई, तू भरती-ओहोटी बघितलीयेस कधी?”

“हो. फळ्यावर.”

ती हसली, मीही हसले. पण मग घास काही नीट उतरेना. एकतीस वर्षं ही बाई मुलांना चंद्र, सूर्य, पृथ्वी काढून भरती समजावत होती आणि स्वतः समुद्र पाहिला होता तो एकदा, दादरला एका लग्नाहून परतताना, टॅक्सीच्या खिडकीतून. बाबा असताना ‘रिटायर झालो की कोकण’ असं ठरलं होतं. ते राहूनच गेलं. आता तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत करायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“तू चल की आमच्याबरोबर,” मी म्हटलं.

“मी कुठे तुमच्यात! जाऊन या तुम्ही. माझं काय, ऑपरेशन होऊ दे, पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी! ग्रुपवर हा शब्द वाचला की आम्ही हसायचो. आईच्या तोंडून ऐकला आणि पोटात धस्स झालं. त्याच रात्री मी ग्रुपवर टाकलं, ‘यंदा जातोय. आई पण येतेय. तारखा उद्या ठरवू. ज्याला यायचंय तो येईल.’

आणि बॉस, गंमत बघा! आई येतेय म्हटल्यावर बँकवालीच्या घरचा सगळा विरोध एका फोनमध्ये मावळला. ‘काकू आहेत ना, मग जा खुशाल!’ सत्तावीस वर्षांच्या, लाखो रुपयांची कर्जं मंजूर करणाऱ्या मुलीला ट्रिपला जायला परवानगी लागते, हा आपल्याकडचा वेगळाच फण्डा आहे. तो पुन्हा कधीतरी.

कॅनकून? कॅन वेट!

आधी कॅनकूनचाच हिशोब करून बघितला. स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत. मेक्सिकोच्या पूर्व टोकाला, कॅरिबियन समुद्रावरचं हे गाव. १९७०च्या दशकात तिथल्या सरकारनं ठरवून, नकाशावर आखून वसवलेलं. त्याआधी तिथे वाळूची एक लांबलचक पट्टी आणि खारफुटीच होती. जून ते नोव्हेंबर तिथे चक्रीवादळांचे दिवस. म्हणून आपल्या कोकणासारखाच तिथलाही सीझन हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिल. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आमच्या ह्यूस्टनवालीला ते सोपं गेलं. आमच्या पासपोर्टवर मात्र एकही शिक्का नाही. भारतातून थेट विमान नाही, म्हणजे युरोप नाहीतर अमेरिकेत उतरून दुसरं पकडायचं. डिसेंबरची जाण्या-येण्याची तिकिटं माणशी लाखाच्या वर दिसायला लागली तेव्हा आयटीवाल्यानं शांतपणे ती विंडो बंद केली.

मग आपल्याकडे काय? गोवा होतंच. पण ख्रिसमसच्या आसपासचा गोवा म्हणजे गर्दीचा समुद्र, आणि आईला पाणी बघायचं होतं, डीजे ऐकायचा नव्हता. शेवटी एकमत झालं ते सिंधुदुर्गावर. मालवण, तारकर्ली, देवबाग. हा जिल्हा १९९७ मध्ये ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून जाहीर झाला. पण कॅनकूनसारखी मोठमोठ्या हॉटेलांची रांग तिथे उभी राहिली नाही. राहिली ती माडांच्या सावलीतली घरं. अंगणात शेण-सडा, मागच्या दारी समुद्र आणि राहायला दोन-चार खोल्या. आमच्यासारख्यांना तेच हवं होतं.

सुट्टीचं गणित

आता मुख्य मुद्दा, तारखा. चार वर्षांचा अनुभव सांगतो की ‘सगळ्यांना जमेल ती तारीख’ नावाची गोष्ट पृथ्वीवर नसते. म्हणून आम्ही उलटं केलं. ज्याला सगळ्यात कमी सुट्ट्या मिळतात त्याच्यापासून सुरुवात केली. आमच्यात ती बँकवाली. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. डिसेंबर २०२५चा दुसरा शनिवार १३ तारखेला येत होता. म्हणजे तिला गुरुवार-शुक्रवार अशा फक्त दोन रजा काढायच्या होत्या. आयटीवाल्याला शनिवार-रविवार मोकळेच, सोमवारी वर्क फ्रॉम होम. आणि मी? फ्रीलान्सरला सुट्टी कुणी नाकारत नाही, फक्त त्या दिवसाचे पैसेही कुणी देत नाही!

दुसरा आठवडा निवडल्याचा दुसरा फायदा खिशाला. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा कोकणात सोन्याच्या भावाचा. रूम, रिक्षा, बोट, सगळंच महाग आणि सगळंच भरलेलं. त्याच्या दोन आठवडे आधी तोच समुद्र, तीच हवा आणि बोटीसाठी रांग नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडाही असाच निवांत. मात्र मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आधी बघून घ्या. ही जत्रा ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन दर वर्षी दिवस ठरतो, बहुतेकदा फेब्रुवारीच्या आसपास. त्या दिवसांत मुंबईतला प्रत्येक मालवणी माणूस गावात असतो. तुम्हाला जत्रेलाच जायचं असेल तर धम्माल, नाहीतर राहायला जागा मिळणं मुश्कील.

पंचांग काढा!

इथे आमच्या ट्रिपचा ताबा आईनं घेतला. मी म्हटलं, “११ ते १४ डिसेंबर पक्कं.” तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, बोट फिरवलं आणि जाहीर केलं, “शुक्रवारी वद्य अष्टमी. म्हणजे भरती सहाला, ओहोटी बाराला. छान आहे.”

आयटीवाला व्हिडिओ कॉलवर होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. “काकू, हे कुठल्या अॅपमध्ये दिसतं?”

फण्डा सोपा आहे, लिहून ठेवा. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजायचं प्रतिपदेपासून. त्यात सहा तास आणि थोडं वर मिळवलं की ओहोटी. दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. कोकणातली जुनी माणसं आजही असाच हिशोब करतात. हा अंदाज झाला, अचूक वेळ तिथल्या बोटवाल्यांकडून घ्यायची. पण घरबसल्या तारखा ठरवायला भरपूर झाला.

आणि याचा उपयोग काय? खूप! पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य दोघं एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे जातं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, म्हणून भांगाची भरती, चढ-उतार कमी. गुडघा दुखणाऱ्या बाईला पाण्यात उभं करायचं असेल तर हे दिवस बरे. शिवाय देवबागच्या संगमाजवळच्या वाळूच्या बेटावर उतरायचं तर ओहोटी हवी, आणि ती ऐन दुपारी मिळत होती. सातवीचा भूगोल असा कामाला येईल असं शाळेत कुणी सांगितलं असतं तर आम्ही तो मन लावून वाचला नसता का?

एकच अडचण निघाली. ११ तारीख म्हणजे मार्गशीर्षातला गुरुवार. आईचा उपास, आणि घरात मासे-मटण बंद. “तुम्ही खा रे, मी नाही,” म्हणाली. मार्गशीर्ष कधी डिसेंबरच्या आधीच सुरू होतो, कधी जानेवारीपर्यंत लांबतो. घरच्यांना घेऊन मालवणला जाणार असाल तर हेही कॅलेंडरमध्ये बघाच, नाहीतर सुरमईच्या ताटासमोर कुणीतरी साबुदाण्याची खिचडी खात बसेल!

जायचं कसं?

नाशिककरांचं दुखणं हेच की कोकण आपल्या शेजारी आहे, पण वाट वाकडी आहे. गाडीनं पुणे-कोल्हापूरमार्गे फोंडा घाट उतरून मालवण साधारण सहाशे किलोमीटर. एका दमात हे करणाऱ्याला माझा नमस्कार. पुण्यात किंवा कोल्हापुरात मुक्काम केला तर मात्र मजा आहे, पांढरा रस्सा बोनस!

रेल्वे हा आमचा पर्याय. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावायला लागली तेव्हापासून मालवणसाठी उतरायचं ते कुडाळ किंवा कणकवलीला. नाशिकरोडहून थेट जायचं तर दिल्लीहून केरळला जाणारी मंगला एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि पुढे कोकण रेल्वेनंच जाते. तिची नाशिकची वेळ आणि पुढचे थांबे तुम्हाला सोयीचे आहेत का, तेवढं तपासा. आम्ही दुसरी वाट धरली. संध्याकाळी एसटीनं ठाणे, मावशीकडे पिठलं-भाकरी आणि रात्री ठाण्याहून कोकणकन्या. सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर लाल माती!

तिकिटाचं मात्र घड्याळ लावून करावं लागतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. आमची गाडी १० डिसेंबरची, म्हणून बुकिंग ११ ऑक्टोबरला सकाळी आठला. घरात दिवाळीची साफसफाई चाललेली, माळ्यावरची भांडी खाली आलेली आणि त्या पसाऱ्यात मी लॅपटॉप धरून बसलेली. आता आरक्षण उघडल्यावर सुरुवातीला फक्त आधार जोडलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं. तेव्हा ते काम आदल्या दिवशीच उरकून घ्या. लोअर बर्थ एक, बाकीचे तीन कसेही. आठ वाजून काही मिनिटांनी चारही कन्फर्म! आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, “म्हणजे खरंच जायचंय?”

विमानवाल्यांसाठीही रस्ते आहेत. सिंधुदुर्गात चिपी इथे विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथल्या फेऱ्या कमी-जास्त होत असतात. गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तो सिंधुदुर्गच्या सीमेलगत आहे. दाबोळीला उतरलात तर बराच लांबचा फेरा पडतो. म्हणून गोव्याचं तिकीट काढताना कुठल्या विमानतळाचं ते नीट वाचा.

आणि ज्यांना दोनच दिवस मिळतात त्यांनी हिरमुसून जायचं कारण नाही. नाशिकचा सगळ्यात जवळचा समुद्र डहाणू-बोर्डीचा. त्र्यंबकेश्वर, जव्हार करत गेलं तर साधारण दीडशे किलोमीटर. सुरूची बनं, चिकूच्या बागा आणि शांत, लांबलचक किनारा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तर रात्रीच्या जेवणाला पोचता.

पाण्याशी पंगा नको

हा परिच्छेद वगळून पुढे जाऊ नका, प्लीज. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका कॉलेजचे आठ विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. दोन्ही वेळा सुट्टीवर आलेलीच माणसं होती, तुमच्या-माझ्यासारखी.

आपण नाशिकवाले गंगेवर पोहायला शिकतो आणि समुद्राला मोठी नदी समजतो. चूक! समुद्र आत ओढतो, आणि ओहोटीला जास्त ओढतो. कुठे पोहायचं ते जीवरक्षकाला नाहीतर घरमालकाला विचारा. गुडघाभर पाण्यातही पाठ समुद्राकडे करून सेल्फी नको. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा. संध्याकाळी ‘घेतल्यावर’ पाण्यात जायचं नाही, यावर चर्चाच नाही.

वॉटर स्पोर्ट्सचं तसंच. मेरिटाइम बोर्डाचा परवाना आहे का, बोटीची क्षमता किती, बसलेत किती आणि लाइफ जॅकेटं किती, एवढं मोजायला लाज वाटू देऊ नका. आमच्या बँकवालीनं कर्जाचे कागद तपासावेत तसं एकेक जॅकेटचं बक्कल तपासलं. बोटवाला हसला, पण एक तुटकं त्यानं निमूट बदलून दिलं. दमा, कानाचं दुखणं, जोरदार सर्दी असेल तर स्कूबा टाळा. आणि स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. म्हणजे स्कूबा ट्रिपच्या सुरुवातीला, शेवटच्या दिवशी नाही.

येवा!

कुडाळहून रिक्षा करून तारकर्लीला पोचलो तेव्हा अंगातले स्वेटर आधीच काढून झाले होते. नाशिकला हुडहुडी, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या, आणि इथे हवेत नुसता गोडसर ओलावा. घरमालकीणबाईंनी विचारलं, “खयसून इलात?” आईनं “नाशिकहून” म्हणताच, “अगो बाय माझे, लांबसून इलात!” म्हणत त्यांनी पाणी आणलं. गुरुवार असल्याचं सांगितल्यावर आईचा उपास सोडायला संध्याकाळी घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी आणि सोलकढी. आमच्या ताटातली तळलेली सुरमई सॉलिडच होती. पण खरं सांगते, आम्हीही त्या आमटीत दोनदा हात घातला.

शुक्रवारी पहाटे सहाला आईनंच उठवलं. “भरती आहे. चला.”

माडांमधून पुढे गेलो आणि समोर पाणी. आई काही बोलली नाही. चप्पल काढून हातात घेतली, माझा दंड धरला आणि ओल्या वाळूपर्यंत गेली. पहिली लाट घोट्यावर आली तेव्हा तिनं पाय मागे घेतला, मग परत पुढे ठेवला. साडी भिजली. ती वाकून वाळूवरच्या ओल्या रेघेकडे बघत होती. मग तिनं काठीनं त्या रेघेवर खूण केली आणि मला म्हणाली, “फोटो काढून ठेव. बाराला परत यायचंय.”

थोड्या अंतरावर रापण ओढणं चाललं होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढत आणतात. जेवढे ओढणारे तेवढे वाटेकरी. यांत्रिक बोटी आल्या, पर्ससीनची मोठी जाळी आली, आणि या रापणकरांच्या जाळ्यात मासळी कमी यायला लागली. २०१६ मध्ये सरकारनं पर्ससीनवर बंधनं घातली, तरी भांडण मिटलेलं नाही. हे सगळं दोर ओढता ओढता एका काकांनी सांगितलं. हो, ओढता ओढता! आयटीवाला आणि बँकवाली कधीच दोराला लागले होते. आईनं माझ्या हातात चप्पल दिली आणि तीही लागली. “आई, गुडघा!” मी ओरडले. “गुडघ्यानं कुठे ओढतेय, हातानं ओढतेय!” जाळं वर आलं तेव्हा त्यात फार काही नव्हतं. तरी निघताना काकांनी चार बांगडे आमच्याकडे दिलेच. “दोर ओढलास ना, मगे वाटो घे.”

बाराला आम्ही परत त्या खुणेपाशी. पाणी बरंच खाली गेलं होतं. आईनं मोठ्या टांगा टाकत अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. हो, वही आणली होती! मालकीणबाई मागून बघत होत्या. “ह्या तुमका कोणी शिकयल्यान?” त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “पुस्तकानं. पण पुस्तकात एवढं ओलं नसतं हो.”

जेवून बोटीनं देवबागच्या संगमाकडे गेलो. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं ते वाळूचं बेट. २००४च्या त्सुनामीनंतर वर आलं म्हणतात, म्हणून नाव त्सुनामी आयलंड. भांगाचे दिवस असल्यानं बेट पूर्ण उघडं नव्हतं. घोटाभर पाण्यात, चारी बाजूंनी नदी आणि समुद्र, आणि मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली आई! आमच्या ग्रुपचा आजचा डीपी तोच आहे.

शनिवारी मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला. आत शिवराजेश्वराचं मंदिर, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या विहिरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांत हा आहे, आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही! बोटीत चढताना आईला दोघांनी धरलं. तटावर मात्र ती गेली नाही, खाली विहिरीपाशी बसली. पुढच्या वर्षी चढेन, असं म्हणाली. या वेळी ते ऐकायला वाईट वाटलं नाही.

रविवारी रात्री परतीची कोकणकन्या. बॅगेत मालवणी खाजा, कोकम आणि आईच्या रुमालात बांधलेली मूठभर वाळू. चौघांचा सगळा खर्च एका कॅनकूनच्या तिकिटाच्या निम्म्यातही बसला.

ऑक्टोबरात करायच्या सहा गोष्टी

१. ज्याच्या सुट्ट्या सगळ्यात कमी त्याच्यापासून तारखा ठरवा. सगळ्यांची वाट बघू नका. दोघं तयार असतील तर ट्रिप पक्की समजा.
२. प्रवासाच्या ६० दिवस आधीची तारीख मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. सकाळी आठच्या आधी लॉग-इन. परतीच्या तिकिटासाठी वेगळा गजर.
३. राहण्याची जागा तिकिटाच्याच दिवशी फोन करून ठरवा. किनारा किती पावलांवर, पायऱ्या किती, बाथरूम कसं, हे बोलून विचारा. ज्येष्ठ बरोबर असतील तर तळमजला.
४. पंचांग बघा. तिथीचे पाऊणपट करा. कुठला दिवस पाण्याचा, कुठला किल्ल्याचा, ते आपोआप ठरतं.
५. रजेचा अर्ज ऑक्टोबरमध्येच टाका. डिसेंबरात सगळ्यांनाच रजा हवी असते.
६. घरातल्या एका माणसाला विचारा, ‘समुद्र बघितलाय?’

आईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत झालं. वॉर्डात फिजिओथेरपीची मुलगी तिला गुडघा वाकवायला लावायची, तेव्हा आई दात-ओठ खात आकडे मोजायची. एकदा त्या मुलीनं विचारलं, “आजी, बरं झाल्यावर काय करणार?” आईनं माझ्याकडे बघून उत्तर दिलं, “सिंधुदुर्गाचा तट चढायचाय. हिला विचारा, बुकिंग कधी उघडतंय.”

गजर लावून ठेवलाय. तुम्हीही लावा!